सायक्लोक्रॉस रोडसाठी करून घेताना: एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: सेकंडहँड घेतलेली सायक्लोक्रॉस (चिखल-मातीतल्या शर्यतीची सायकल) ‘रोडबाइक करून द्या’ म्हणून आमच्याकडे दिलीत. आम्ही नुसते टायर आणि ब्रेक पॅड बदलून बिल हातात ठेवलं. ५० दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) मागूनही बसवली नाही, २५ ऐवजी २८ मिलिमीटरचे टायर घातले, आणि एवढं होऊन बोपदेव घाट उतरताना पुढचा ब्रेक थडथडतो, ग्रुपच्या मागेही पडता. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. पण अशाच सायकली घेऊन येणारे बरेच जण हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी चेनरिंग. तुमच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यांवर) ४६ आणि ३६ दातांच्या रिंग आहेत आणि मागे सगळ्यात लहान चक्र ११ दातांचं. मिनिटाला ९० पेडल मारलीत तर ४६-११ वर सायकल ताशी ४८ किलोमीटरने पळते, ५०-११ वर ५२ ने. सपाटीवर ४८ च्या वर आपल्यापैकी कोण किती वेळ टिकतं? उतारावर तो वेग येतो, पण तिथे पेडल थांबवून अंग खाली घातलं तरी भागतं. सिंहगडाच्या चढावर तर तुम्हाला ३६ सुद्धा मोठी वाटेल.

शिवाय ५० ची रिंग एकटी येत नाही. तुमच्या क्रँकचं बोल्ट सर्कल (रिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात ते) ११० मिलिमीटरचं आहे, त्यामुळे रिंग बसते हे खरं. पण पुढचा डिरेलर (साखळी एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) आठेक मिलिमीटर वर घ्यावा लागतो आणि साखळी लांब लागते. सध्याची साखळी आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) एकमेकांबरोबर झिजलेत, जोडीने अजून चालतील. नवी साखळी टाकली की जुन्या कॅसेटवर घसरायला लागेल, मग कॅसेट बदला. हे सगळं काउंटरवर बोलणं झालं होतं आणि जॉबकार्डवर ‘रिंग नंतर’ असं तुमच्यासमोरच लिहिलंय. पार्ट विकून आम्हाला चार पैसे जास्तच मिळाले असते.

आता ‘नुसते टायर’. या सायकलवरचा सगळ्यात मोठा बदल तोच आहे. आधी ३३ मिलिमीटरचे गाठीचे (रबरी उंचवट्यांचे) टायर होते. सायक्लोक्रॉसच्या शर्यतीत यूसीआय ही जागतिक सायकलिंग संघटना तेवढ्याच रुंदीपर्यंत परवानगी देते, आणि बेल्जियमच्या हिवाळी चिखलात ते झकास चालतात. डांबरावर मात्र प्रत्येक गाठ वाकते आणि तुमचा जोर त्या वाकण्यात जातो. तो घुंईऽ आवाज त्याचाच. वळणावर गाठी मुडपतात. पावसात गाठीचा टायर जास्त धरतो हा समज तर आमच्याकडे जवळपास रोज ऐकू येतो. ओल्या डांबरावर गुळगुळीत टायरच जास्त धरतो, कारण रस्त्याला टेकणारं रबर जास्त असतं.

२५ न घालण्याचं कारण आपले रस्ते. मित्र टायरमध्ये ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतो असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्या हवेत खडबडीत डांबरावर चाक टणाटण उडतं, तेही वेग खातंच. तुमच्या वजनाला २८ मध्ये पुढे ६५-७० आणि मागे ७५ पुरे. आठवड्यातून एकदा तरी गेज लावून बघा, अंगठ्याने दाबून कळत नाही.

ब्रेकचा मुद्दा खरा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. तुमचे कँटिलिव्हर ब्रेक आहेत, म्हणजे वरून येणारी केबल मधोमध ओढून चाकाच्या दोन्ही बाजूंचे हात आवळणारे. केबलचा स्टॉप (केबलचं बाहेरचं आवरण जिथे अडतं तो टेकू) वर हेडसेटपाशी, म्हणजे हँडल जिथे फिरतं तिथे, आणि ब्रेकचे हात खाली फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर. जोरात दाबलं की फोर्क किंचित मागे वाकतो, स्टॉप आणि ब्रेकमधलं अंतर वाढतं, केबल आपोआप आणखी ओढली जाते, ब्रेक अजून आवळतो. मग चाक निसटतं, फोर्क परत पुढे येतो, आणि पुन्हा तेच. सेकंदात हे कितीतरी वेळा होतं, तीच थडथड. पॅडचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असे तिरके लावून दिलेत, त्याने कमी होते, जात नाही. दुकानासमोरच्या गल्लीत ती जाणवतही नाही, घाटातच कळते. म्हणूनच डिलिव्हरीच्या वेळी मिनी व्ही-ब्रेक (केबल थेट हातांनाच जोडलेले, आखूड हातांचे ब्रेक) सुचवले होते, तुम्ही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालात.

उपाय दोन. फोर्कच्या क्राउनला (चाकाच्या वरच्या जोडाला) मडगार्डचं भोक असेल तर केबलचा स्टॉप तिथे खाली आणता येतो, स्वस्तात काम होतं. भोक नसेल तर कार्बन फोर्कला आम्ही ड्रिल लावणार नाही, कोणी लावतो म्हणालं तरी लावू देऊ नका. मग मिनी व्ही. हात ८०-९० मिलिमीटरचेच हवेत, कारण रोडचे लिव्हर केबल कमी ओढतात आणि मोठ्या व्ही-ब्रेकला ती पुरत नाही. एक तोटा आहे: मिनी व्हीत टायरच्या वर जागा फार उरत नाही, त्यामुळे जाड टायर परत घालायचे झाले तर अडचण.

ग्रुपच्या मागे पडण्याबद्दल म्हणाल, तर मागचे चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकापर्यंतच्या नळ्या) लांब, बीबी (पेडलचा आस) थोडी उंच, पुढच्या नळीचा अँगल आरामाचा. ही फ्रेम रेसबाइकसारखी चटकन उसळणार नाही, पार्ट कितीही बदला. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड), जिथे साडेतेरा तास हातात असतात, तिथे मात्र हीच सायकल मी आधी काढीन.

रविवार सकाळ सोडून कधीही या. ब्रेकच्या कामाची मजुरी घेणार नाही, पार्टचे पैसे पडतील. तुमचे जुने गाठीचे टायर पिशवीत बांधून ठेवलेत, चांगले आहेत, तेही घेऊन जा.