"इंजिनची ताकदही सांगत नाहीत" या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

उत्तराची वाट बघावी लागली त्याबद्दल मनापासून सॉरी. आमच्या बुद्धिबळ इंजिनचं (बुद्धिबळाच्या चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं) नवीन व्हर्जन घेतलंत, पैसे मोजलेत, माहिती हवी असणं साहजिकच आहे. पण "पैसे घेऊन गायब झाले, इंजिन किती एलोचं आहे एवढंही सांगत नाहीत" (एलो म्हणजे खेळाची ताकद दाखवणारं रेटिंग) हे वाचून फार लागलं, कारण गायब कोणीच झालं नव्हतं. रिलीज शुक्रवारी संध्याकाळी, तुमचा पहिला मेल शनिवारी रात्री साडेअकराला, दुसरा पाऊण तासाने, आणि रविवारी सकाळी आम्ही इनबॉक्स उघडतोय तर इथे रिव्ह्यू पडलेला. मेलवर वेळ असतेच, मी पदरचं काही सांगत नाहीये. त्याच दुपारी तुम्हाला सविस्तर उत्तर पाठवलं, पण त्यानंतरही इथे त्याचा उल्लेख नाही.

आता एलोचं. आकडा लपवलेला नाही, तो अजून हातात आलेलाच नाही. इंजिनची ताकद मोजायची म्हणजे जुन्या व्हर्जनशी आणि बाकीच्या इंजिनांशी हजारो डाव खेळवावे लागतात, ठरलेल्या ओपनिंगमधून (डावाच्या सुरुवातीच्या चालींमधून), प्रत्येक ओपनिंग एकदा पांढऱ्याने एकदा काळ्याने. शंभर डावांवरून आकडा काढला तर तो पन्नासेक एलोने इकडे नाहीतर तिकडे सहज असू शकतो, हजार डावांनंतरही पंधरा-वीसचा घोळ राहतोच. आणि १० एलोची वाढ म्हणजे काय, तर शंभर डावांत ५० ऐवजी साधारण ५१.४ गुण. एवढासा फरक एका रात्रीत कसा पकडणार? शिवाय विचाराला वेळ किती दिला, प्रोसेसरचे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) किती दिले यावर आकडा बदलतो, एका रेटिंग लिस्टचा आकडा दुसरीशी जुळत नाही, माणसांना मिळणाऱ्या फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंगशी तर त्याची तुलनाच नको. शनिवारी रात्री ३६०० म्हणून ठोकून दिलं असतं तर तुम्ही खूश झाला असता, पण ते खोटं ठरलं असतं आणि ते माझ्याच्याने होत नाही.

दुसरं, ॲनालिसिस जुन्या व्हर्जनपेक्षा स्लो वाटतंय असं तुम्ही म्हणता. नवीन इंजिन पोझिशन न्यूरल नेटवर्कने जोखतं, त्यामुळे सेकंदाला कमी पोझिशन बघतं पण चाल जास्त चांगली निवडतं. २०२० मध्ये स्टॉकफिश या नावाजलेल्या बुद्धिबळ इंजिनचं १२ वं व्हर्जन आलं तेव्हाही हेच झालं होतं, स्पीड उतरला आणि ताकद वाढली. प्रोसेसरला एव्हीएक्स२ चा (एकाच वेळी बरीच आकडेमोड करायच्या सोयीचा) सपोर्ट नसेल तर आणखी मंद चालतं, म्हणूनच आम्ही प्रोसेसर कोणता ते विचारलं. त्यावर तुमचं उत्तर आलं, "एक्स्पर्ट तुम्ही आहात, तुम्हीच सांगा." सर, तुमचा लॅपटॉप आम्हाला इथून कसा दिसणार?

टेस्टचे निकाल येतील तसे मॅन्युअलमध्ये टाकत जाऊ, मेलची उत्तरंही लवकर कशी देता येतील ते बघतोय.

आम्ही दोघंच हे सगळं सांभाळतो आणि घर यावरच चालतं, नवीन माणूस आधी स्टार बघतो आणि कारण न वाचताच पुढे जातो. तुमचा राग समजतो, पण हा एक स्टार आम्हाला परवडणारा नाही हो.

प्रोसेसरचं नाव तेवढं कळवा, त्याला चालेल असं बिल्ड (त्या प्रोसेसरसाठी बनवलेली इंजिनची फाइल) लगेच पाठवतो. ते लावून बघा, आणि पटलं तर रिव्ह्यू बदलायचं मनावर घ्या.