आवळून देतो भाऊ, पाच मिनिटांचं काम!

माझ्या पिकअपचं स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता लागत नव्हता. दुखणं एवढंच. पोळा झाल्यावर सुरू झालं. आता कापसाचा पहिला वेचा घरात आला, दुसरा सुरू आहे, अन् गाडी अजून अंगणात घोडीवर. मधल्या काळात तीन मिस्त्री, समोरचे दोन टायर, एक हॉर्न अन् बायकोसमोरची अब्रू, एवढं गेलं.

गाडी 2012 ची आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण प्रत्येक मिस्त्री बोनेट उघडायच्या आधी हेच वाक्य फेकतो, "भाऊ, गाडी म्हातारी झाली आता, किती चालवसान?" अरे बाबा, म्हातारी झाली म्हणूनच तुझ्याकडे आणली ना! नवीन असती तर शोरूमला नेली असती. घरातलं माणूस म्हातारं झालं तर डॉक्टर तपासतो तरी. हे लोक तपासतही नाहीत.

अन् म्हातारी कशानं झाली तेही पाहा. आमचा यवतमाळ जिल्ह्यातला आर्णी-दारव्ह्याचा पट्टा म्हणजे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टाकलेलं डांबर दोन पावसाळे टिकलं तर नशीब. पांदणीचं तर नावच काढू नका. चाक रुतलं की स्टेअरिंग पूर्ण कापून रेस द्यायची, अन् तो सगळा जोर चाकं वळवणाऱ्या खालच्या रॉडवर, त्याच्या सांध्यांवर म्हणजे जॉइंटवर, अन् स्टेअरिंगच्या दातेवाल्या बॉक्सवर जातो. जॉइंटचा रबरी बूट एकदा फाटला की आतलं ग्रीस बाहेर अन् चिखल आत. मग तो जॉइंट आतल्या आत घासत राहतो, वरून काही दिसत नाही. गावच्या रस्त्यावर वीसच्या स्पीडला कळतही नाही, कारण तिथं सगळंच हलते. नागपूर-तुळजापूरच्या सिमेंट रोडवर चढलं अन् साठला गेलं की गाडी लग्नातल्या वरातीसारखी नाचायला लागते. तिथं कळलं मला.

पहिला मिस्त्री. स्टेअरिंग दोनदा हलवून पाहिलं, चाकाकडे नजरसुद्धा टाकली नाही. "प्ले आहे ना भाऊ, आवळून देतो, पाच मिनिटांचं काम." प्ले म्हणजे तेच, चार बोटं रिकामं फिरणं. स्टेअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो, लॉकनटवाला. तो यांना लय प्यारा. पाना घातला, नट ढिला केला, स्क्रू दिला आवळून. दोनशे रुपये. स्टेअरिंग एकदम टाइट! मीही खुश होऊन आलो, गाढवासारखा.

घरी येताना नाल्याच्या वळणावर स्टेअरिंग वळवलं ते वळलेलंच राहिलं. वळण घेतल्यावर ते आपोआप सरळ येते ना, ते आलंच नाही. दोन्ही हातांनी ओढून सरळ केलं, समोरून ट्रॅक्टर. घाम फुटला. नंतर समजलं ते असं: आपण गाडी जास्त वेळ सरळ चालवतो, म्हणून बॉक्समधले दाते मधोमध जास्त झिजतात, कडेला कमी. मधला प्ले मरेपर्यंत स्क्रू आवळला की वळणावर, जिथं झीज नाही तिथं, दाते अडकतात. म्हणजे दुखणं तसंच ठेवून वरून गळा दाबला. त्याच्याकडे परत गेलो तर म्हणतो, "टाइट झालं म्हनता? हप्त्याभरात बसते आपोआप." काय बसते? मी बसतो ना नाल्यात जाऊन!

दुसरा मिस्त्री तालुक्याचा. त्याचं नाव मोठं, गॅरेजवर पाटी मोठी. तो म्हणाला, टाय रॉड एंड, म्हणजे चाकाजवळचे रॉडच्या टोकाचे जॉइंट, गेले, दोन्ही बाजूंचे टाका. पार्ट मी आणायचे. दुकानदाराचा ठरलेला प्रश्न, "ओरिजिनल देऊ का लोकल?" मी म्हणालो ओरिजिनल. मग दोन डबे समोर ठेवले. दोन्हीवर एकच चित्र, एकाचा रंग जरा फिकट. "हेही ओरिजिनलच समजा." समजा म्हणजे काय? पार्ट आहे का गणिताचा पेपर? बिल मागितलं तर चेहरा असा केला जसं उधार मागितलं. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला. मी म्हटलं, मग भाव उतरला असेल. तर म्हणे, "हा जुना माल आहे भाऊ." अन् बिल घेतलं तर भाव आणखी वेगळा. घेतले गुपचूप.

आता बसवण्याची तऱ्हा ऐका. टाय रॉड एंडचा बोल्ट खाली निमुळता असतो, तो आर्मच्या भोकात घट्ट बसलेला असतो. काढायला पुलर असतो. नसेल तर आर्मच्या कडेला हातोड्यानं ठोकायचं, सुटतो. यानं ठोकलं थेट बोल्टच्या डोक्यावर. जुना होता म्हणून चाललं म्हणा. पण जुना एंड रॉडमधून किती आटे फिरवून निघाला हे मोजायचं असते, नवीन तेवढेच आटे आत घालायचा, म्हणजे चाकं साधारण जिथल्या तिथं राहतात. पोरगं मोबाइलवर रील पाहत पाहत आटे फिरवत होतं. मी म्हणालो, "मोजले का रे?" तर म्हणे, "अंदाज आहे ना काका." वा रे अंदाज!

अन् खरा कहर पुढंच आहे. नटात स्प्लिट पिन घालायची असते, नट सुटून चाक भलतीकडं जाऊ नये म्हणून. नवीनच घालायची, जुनी वाकवून परत वापरायची नाही. मी घरी येऊन खाली वाकून पाहिलं तर डाव्या बाजूला पिन होती. उजव्या बाजूला होता खिळा. खिळा! दारावर तोरण ठोकतो तो, दुमडून घातलेला. एक टन कापूस, मी, बाजूला बसलेला पुतण्या, सगळे त्या एका खिळ्याच्या भरवशावर.

दुसऱ्या दिवशी गाडी सरळ जात होती पण स्टेअरिंग तिरपं. म्हणजे चाकांचं माप, दोन्ही चाकं एकमेकांना सरळ असण्याचं, बिघडलं होतं. परत गेलो. आता कोणताही शहाणा माणूस रॉड फिरवून माप नीट करेल. यानं काय केलं? स्टेअरिंग व्हीलच उपसलं अन् सरळ करून पुन्हा बसवलं! चाकं वाकडी ती वाकडीच, फक्त डोळ्याला सरळ दिसावं म्हणून. अन् उपसताना हॉर्नची वायर तोडली ती वेगळीच. दीड महिन्यात समोरचे दोन्ही टायर करवतीसारखे झाले. हात एका बाजूला फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर बोटं कापतात. टायर साडेसहा हजाराला एक. 2025-26 च्या हंगामात लांब रेशाच्या कापसाला हमीभाव 8110 रुपये क्विंटल, तोही भेटला तर. म्हणजे एकेका टायरमागं 80 किलो कापूस, अन् वेचणीची मजुरी त्यात धरलीच नाही. त्याला टायर दाखवले तर म्हणतो, "टायरच हलके होते भाऊ."

तिसऱ्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्यानं बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला वरखाली धरणारे सांधे, गेले म्हणून सांगितलं. मी म्हणालो, चाक उचलून दाखव. त्यानं चाक वरखाली हलवलं, प्ले दिसला. मी म्हणालो, ब्रेक दाबून पुन्हा हलव. प्ले गायब. म्हणजे बेअरिंग ढिली, जॉइंट नाही. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. बेअरिंग आवळून घेतली अन् निघालो. पण स्टेअरिंगचा प्ले? तसाच, चार बोटं.

मग रविवारी सकाळी डोकं फिरलं. गाडी चारही चाकांवर अंगणात, इंजिन बंद. बायकोला स्टेअरिंगवर बसवलं, म्हटलं हलकंसं डावी-उजवी करत राहा, थांबू नको. मी पोतं अंथरून खाली. टाय रॉड पाहिले, ठीक. मधला रॉड पाहिला, ठीक. वरून ती म्हणते, "अहो, इथं डाव्या बाजूला कटकट आवाज येते ना, तुमच्या डोक्याजवळ." डोकं वळवलं तर पूर्ण स्टेअरिंग बॉक्स हलत होता! चेसिसला धरणारे त्याचे बोल्ट ढिले, स्टेअरिंग फिरवलं की आधी बॉक्स ज्वारीच्या दाण्याएवढा सरकतो, मग रॉड हलतो. सगळा प्ले तिथं. पहिल्यानं जो स्क्रू आवळला ना, तो याच बॉक्सवरचा. त्याचा हात त्या बोल्टांपासून वीतभर लांब होता. वीतभर!

"एवढंच होतं?" बायको वरून. मी काही बोललो नाही. खालीच पडून राहिलो थोडा वेळ.

उजवा टाय रॉड एंड खरंच गेला होता, ते मान्य करतो, बूट फाटलेला होता. पण पहिल्याच दिवशी कुणी पाठीवर झोपून दोन मिनिटं पाहिलं असतं, तर तीन बोल्ट आवळून गोष्ट संपली असती. आता तीन महिने तसंच हलून हलून चेसिसमधली भोकं लांबट झाली, नुसतं आवळून भागत नाही, पट्टी वेल्ड करावी लागते. वरचा स्क्रू मी ढिला करून बसवला, खिळा काढून पिन टाकली. चाकांचं माप सुतळी बांधून काढलं, पुढून अन् मागून. दोन-तीन मिलिमीटरचा खेळ असतो, रॉडच्या एका टोकाला उलटे आटे, तीनदा चुकीकडे फिरवला. अलाइनमेंटच्या कम्प्युटरवाल्याला फोन केला होता, तो म्हणाला, पिकअप घेत नाही, रॅम्पवर कार बसते फक्त.

गाडीच्या सरकारी फिटनेस तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी करावं लागते. हॉर्न अजून बंदच. ओसरीत कापूस छताला लागला, त्यावर पोरं उड्या मारतात. वेल्डिंगवाला उद्या येतो म्हणाला आहे, लाइट असली तर.