साठीनंतर आवरते घ्यावे, हा सल्ला चुकीचा आहे

गेले काही आठवडे बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात व्हॉट्सॲपवरून ‘साठीनंतरचे नियम’ नावाचा एक मजकूर फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की साठीनंतर मेंदूच्या पेशी झपाट्याने मरतात, म्हणून नवे काही शिकायला जाऊ नये. कला लहानपणी हाताला लागली तरच लागते. माणसे जितकी कमी तितका मनस्ताप कमी, म्हणून गोतावळा हळूहळू आवरावा. आणि विचार सकारात्मक ठेवले की आजार जवळ फिरकत नाही. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु तो वाचून दांडिया बाजारातल्या दोन परिचितांनी आमच्या गुरुवारच्या मोडी लिपीच्या वर्गाला येणे थांबवले, तेव्हा उत्तर देणे मला भाग वाटले.

पेशींबद्दलची समजूत जुन्या मोजणीतून आलेली आहे. त्या मोजणीत स्मृतिभ्रंश झालेल्यांचे मेंदूही निरोगी मेंदूंबरोबरच धरले जात, आणि जतन करताना मेंदू किती आकसतो याचा नीट हिशेब नसे. १९९७ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी सुधारलेल्या पद्धतीने मोजले, तेव्हा विशीपासून नव्वदीपर्यंतच्या सत्तर वर्षांत मेंदूच्या बाहेरच्या थरातील चेतापेशींमध्ये पडणारा फरक सुमारे १० टक्के भरला. वयाबरोबर विचाराचा वेग मंदावतो, ओळखीचे नाव जिभेवर येऊन अडते, हे मी नाकारत नाही. मी स्वतः ते रोज अनुभवते. पण सावकाश शिकणे आणि शिकता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या मजकुराने त्या एकच करून टाकल्या आहेत.

कलेबद्दलचा दावा मला सर्वांत जास्त खटकला. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी २००९ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, शांतिनिकेतनमधील आपले भित्तिचित्र नव्याने रंगवले, आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी आपल्या बडोद्यातच काढली. अर्थात त्यांचा हात आयुष्यभर घडलेला होता, त्यामुळे त्यांचा दाखला ऐकून ‘ते थोर, आम्ही कुठे’ असे कोणी म्हटले तर त्यालाही उत्तर हवे. ते अमेरिकेत डेनिस पार्क यांच्या गटाने केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडते. त्यात ६० ते ९० या वयाची २२१ माणसे होती. काहींना डिजिटल छायाचित्रण शिकवले, काहींना गोधड्या शिवायला, काहींना दोन्ही. तीन महिने, आठवड्याला साधारण पंधरा तास. एका गटाने मात्र नवे काही न शिकता एकत्र येऊन गप्पा, सहली आणि खाणेपिणे एवढेच केले. नवे कौशल्य शिकलेल्यांची स्मरणशक्ती सुधारली. नुसत्या गप्पा मारणाऱ्यांच्या गटात तसा लाभ दिसला नाही. म्हणजे वय आड आले नाही, आणि उपयोग झाला तो कामातल्या अवघडपणाचा.

मोडी हे तसेच अवघड काम आहे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरे लोंबवत न्यायची, आणि बोरू शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे शब्द कुठे संपला हे अर्थावरूनच ठरवावे लागते. आमच्या वर्गातले एक गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांनी सारी नोकरी बँकेत आकडे लिहिण्यात काढली. आजोबांची सनद म्हणून त्यांच्या देवघरात पूजला जाणारा एक कागद त्यांनी आणला होता. त्याची पहिली ओळ लागायला आम्हाला तीन गुरुवार लागले. चौथ्या गुरुवारी ते भिंग धरून एका जागी थांबले, बोटाने रेघेखालची गाठ दोनदा गिरवली आणि म्हणाले, ‘अहो, हा गूळ आहे.’ ती सनद नव्हती, कुणाच्या तरी लग्नातल्या सामानाची यादी होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरून सगळे बाडच आणले. लहानपणी त्यांनी मोडीचे एक अक्षरही पाहिले नव्हते.

माणसे कमी करण्याचा सल्ला तर सरळ घातक आहे. २०१० साली १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती, आणि ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. छळणारे नाते तोडावे, त्याला माझी हरकत नाही. परंतु पुष्कळदा ज्याला विरक्ती म्हटले जाते त्याचे मूळ कानात असते. कमाटीबागेत रोज सकाळी आमच्याबरोबर फिरणारे एक काका येईनासे झाले, तेव्हा ‘आता कशात रस उरला नाही’ असे घरचे सांगत. खरे तर चार जण एकदम बोलू लागले की त्यांना काही कळत नसे आणि पुन्हा पुन्हा विचारण्याची त्यांना लाज वाटे. श्रवणयंत्र बसवल्यावर महिन्याभरात ते बाकावर परतले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्याजोगी १४ कारणे नोंदवली, त्यांत ऐकू कमी येणे आणि एकटेपणे राहणे ही दोन्ही आहेत. गोतावळा आवरण्याआधी कान तपासून घ्यावेत.

राहिला सकारात्मक विचार. यात तथ्य आहे, पण मजकुरात सांगितले तेवढे नाही. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांना २००२ साली ओहायोतील ६६० जणांच्या माहितीतून असे दिसले की स्वतःच्या म्हातारपणाकडे आशेने पाहणारे सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. तो संबंध आहे, औषधाचा गुण नव्हे; आणि तो आपल्या वयाकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे, सदा हसतमुख असण्याचा नाही. ब्रिटनमधील सुमारे सात लाख स्त्रियांच्या २०१५ सालच्या अभ्यासात, मूळची प्रकृती हिशेबात घेतल्यावर, केवळ आनंदी असण्याने मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले नाही.

हे मी आग्रहाने लिहिते आहे, कारण आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला गेल्या वर्षी कर्करोग झाला आणि भेटायला येणारे तिला हाच मजकूर वाचून दाखवू लागले. ‘म्हणजे मीच काहीतरी वाईट विचार केले असणार,’ असे ती एकदा मला म्हणाली. तिचा काहीही दोष नाही, हे मी तिला त्या दिवशी सांगितले आणि इथेही लिहिते. आता गुरुवारचा वर्ग तिच्या घरी भरतो. ती उशीला टेकून बोरू धरते, आणि ज्या दिवशी धरवत नाही त्या दिवशी आम्ही वाचतो आणि ती आमच्या चुका काढते.