पापण्यांना केसांचा डाय लावायचा नाही : लग्नसराईच्या त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या कोल्हापुरातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर ‘लग्नसराई स्पेशल’ लिहिलंय, खाली कुणाचं नाव नाही. त्यातले दावे थोडक्यात असे. मायक्रोब्लेडिंग, म्हणजे बारीक ब्लेडनं भुवयांच्या कातडीत रंग भरणं, हा टॅटू नव्हे. रंग कातडीच्या अगदी वरच्या थरात बसतो आणि वर्षभरात आपोआप पूर्ण जातो. रंग हर्बल असल्यामुळं ॲलर्जीचा प्रश्न नाही, टेस्ट करायची गरज नाही. गरोदर, शुगरवाल्या, कुणालाही चालतं. लग्नाच्या आठवड्यातच करून घ्यावं म्हणजे ताजं दिसतं. लॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापण्यांना चिकटवायचे नकली केस, लावल्यानं मूळच्या पापण्या दाट होतात. आणि शेवटी, ज्यांना पार्लरचा खर्च परवडत नाही त्यांनी केसांचा काळा डाय खोबरेल तेलात कालवून रात्री भुवयांना आणि पापण्यांना लावून झोपावं, ‘सेम रिझल्ट’ मिळतो.

राजारामपुरीत माझं औषधांचं दुकान आहे. असले मेसेज रोज येतात, मी वाचून सोडून देते. हा सोडला नाही, कारण तो माझ्या भाचीला आला. तिचं लग्न ठरलंय. तिनं मला पाठवला, खाली एवढंच लिहिलं, ‘मामी, हे खरं हाय का ओ?’ मी उत्तर लिहायच्या आधीच तिची आई, म्हणजे माझी नणंद, दुकानात आली आणि काउंटरवर डायचं पाकीट मागितलं. वन्सं केस रंगवत नाहीत. म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ‘पोरीच्या पापण्यांना लावायचाय.’

म्हणून शेवटचा दावा आधी घेते.

मी ते पाकीट उलटं करून वन्संना वाचायला दिलं. बारीक अक्षर, चष्मा लागतो, पण छापलेलं असतं. या डायमुळं काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी करावी. आणि हा डाय पापण्यांना किंवा भुवयांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकतं. अंधत्व! हे कुण्या भित्र्या डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनी ही सूचना बंधनकारक केली आहे. पॅराफेनिलिनडायअमीन, म्हणजे पीपीडी, किंवा तसले रंग असलेल्या डायच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही लेबलांवर ती इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापावीच लागते. चाचणी कशी करायची तेही पाकिटात लिहून द्यावं लागतं : कानामागं किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावायचं आणि २४ तास वाट पाहायची. ज्यानं हा मेसेज लिहिला त्यानं डायचं पाकीट आयुष्यात एकदाही उलटं करून पाहिलेलं नाही, किंवा पाहून लपवलंय. दुसरं असेल तर तो गुन्हाच म्हणायचा.

ही सूचना हवेतून आलेली नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या रंगवायचा डाय विकला जायचा. त्यात पीपीडीच्या जातीचं रसायन होतं. बायका ब्युटी पार्लरमध्ये जाऊन पापण्या रंगवून घ्यायच्या. कित्येकींच्या डोळ्यांना जखमा झाल्या, काहींची दृष्टी कायमची गेली, एक बाई दगावली. तेव्हा तिथल्या सरकारला ते बाजारातून काढून घ्यायचा अधिकारच नव्हता. तो १९३८ च्या कायद्यानं मिळाला, आणि तो कायदा होण्यामागं या प्रकरणाचा मोठा हात होता. पापण्या कायमच्या रंगवण्यासाठी तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं त्यानंतर कित्येक दशकं कुठल्याच रंगाला मंजुरी दिली नव्हती. ज्या चुकीसाठी बायकांनी डोळे गमावले, ती चूक नव्वद वर्षांनी आपण पोरींना ‘घरगुती उपाय’ म्हणून सांगायची?

आणि ते खोबरेल तेल. तेलानं डाय ‘सौम्य’ होत नाही. उलट तेल ओघळतं. रात्री झोपेत पापणीवरचं मिश्रण डोळ्यात उतरायला वेळ लागत नाही, आणि पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ. ‘आम्ही काळी मेहंदी वापरतो, ती नैसर्गिक असते,’ असं म्हणणाऱ्यांनाही सांगते. मेहंदीच्या पानाचा रंग केशरी-तांबूस असतो. पाच-दहा मिनिटांत काळाकुट्ट रंग चढत असेल तर आत दुसरं काहीतरी घातलंय, आणि बहुतेकदा ते पीपीडीच असतं.

चुकून डाय डोळ्यात गेलाच, तर नळाच्या स्वच्छ पाण्यानं किमान १५ मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचा आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडं किंवा सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, जायचं. दूध, गुलाबपाणी, मध, काही घालायचं नाही.

आता ‘वरच्या थरात बसतो, वर्षात जातो’. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो. रंग त्यात बसत असता तर महिन्याभरात धुऊन गेला असता. मग वर्षभर टिकणार कुठून? तो टिकतो, कारण ब्लेड त्याच्या खालच्या थरात रंग पोचवतं. हातावरचा टॅटूही तिथंच असतो. एक गोष्ट मात्र मान्य करते. मायक्रोब्लेडिंगचे काप उथळ असतात, रंग कमी असतो, त्यामुळं तो हातावरच्या टॅटूपेक्षा लवकर फिका होतो. तेलकट त्वचा आणि ऊन असेल तर आणखी लवकर. दीड-दोन वर्षांत बराच उतरतो हे खरं. पण फिका होणं आणि जाणं यात फरक आहे. कित्येकींच्या भुवईवर राखाडी, निळसर किंवा तांबूस सावली वर्षानुवर्षं राहते. ती लेसरनं काढायची म्हटली तर आणखी एक अडचण : लोहाचे ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असलेले रंग लेसर पडल्यावर कधीकधी उलट काळे पडतात. म्हणून आकार पसंत नसेल तर ‘जाईल की वर्षात’ या भरवशावर खुर्चीत बसू नका.

आणि टॅटू नव्हे म्हणता, तर आपल्याकडं शिवजयंतीला, गणपतीत गल्लोगल्ली रक्तदान शिबिरं होतात, तिथला फॉर्म भरून बघा. टॅटू काढल्यापासून १२ महिने रक्त घेत नाहीत. सुई किंवा ब्लेड कातडीत गेलं, रंग आत राहिला, की रक्तातून पसरणाऱ्या आजारांची शक्यता तीच. भुवई काय आणि दंड काय.

‘हर्बल’बद्दल फार लिहित नाही. या रंगांत मुख्यतः लोहाची ऑक्साइडं, टायटॅनियम डायऑक्साइड, कार्बन आणि कारखान्यात तयार होणारे सेंद्रिय रंग असतात. झाडपाल्याचा त्यात संबंध नाही. अमेरिकेत कातडीत टोचायला म्हणून एकाही रंगाला मंजुरी नाही. तिथं २००३-०४ मध्ये पर्मनंट मेकअपच्या एका कंपनीच्या काही शेड्सबद्दल दीडशेहून जास्त तक्रारी आल्या : सूज, फोड, कातडी फाटणं, डोळ्यांभोवती आणि ओठांवर गाठी. कंपनीला ते रंग परत मागवावे लागले. युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि पर्मनंट मेकअपच्या रंगांतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली. हर्बल असतं तर एवढं करायची वेळ आली नसती. टेस्ट करायचीच. आणि टेस्ट ठीक आली म्हणजे हमी मिळाली असंही नाही. या रंगांची ॲलर्जी काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते.

‘कुणालाही चालतं’ हे तर सरळसरळ खोटं. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं थांबावं. शुगर ताब्यात नसेल तर जखम चिघळते. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतीच बंद केली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कान टोचल्यावर ज्यांना जाड वण उठलाय, त्यांना भुवईवरही उठू शकतो. कोड किंवा सोरायसिस असेल तर जिथं कातडीला जखम होते तिथंच नवा डाग येऊ शकतो. आणि भुवया अलीकडंच विरळ झाल्या असतील, विशेषतः कानाकडचं टोक गळत असेल, तर पार्लरच्या आधी थायरॉइडची तपासणी करून घ्या. वर रंग भरला तर खालचा आजार कळणार कधी?

याच संदर्भात एक, कारण हे माझ्याच काउंटरवर रोज घडतं. ‘सुन्न करायचं क्रीम द्या, पार्लरवालीनं सांगितलंय’ म्हणून पोरी येतात. लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, आणि त्याच्या माहितीपत्रकातच डोळ्याला लागू देऊ नका असं लिहिलेलं असतं. डोळा सुन्न झाला की त्यात काही गेलं तरी कळत नाही, पापणी मिटत नाही आणि बुबुळाला जखम होते. जास्त टक्क्यांची, बिनलेबलची विदेशी क्रीमं ऑनलाइन मिळतात, ती तर हातातही घेऊ नका.

लग्नाच्या आठवड्यात करण्याचा सल्ला ज्यानं दिला त्यानं बहुधा आपल्याकडचं लग्न पाहिलेलं नाही. मायक्रोब्लेडिंगनंतर पहिले काही दिवस भुवया ठरलेल्या रंगापेक्षा खूप गडद दिसतात. मग खपली धरते, ती सुटते, आणि खाली रंग काही ठिकाणी उडालेला दिसतो. तो नीट दिसायला महिनाभर लागतो, आणि दीड-दोन महिन्यांनी दुसरी बैठक करावीच लागते. पहिला आठवडा-दहा दिवस पाणी, घाम, मेकअप, काही लागू द्यायचं नाही. आता आपली नवरी डोळ्यांसमोर आणा. हळदीला कपाळापासून गालापर्यंत हळद. वर पाणी ओतून आंघोळ. मुंडावळ्या बांधल्या की दोऱ्या कपाळाला घासतात. मंगल कार्यालयात मे महिन्याचा घाम, त्यावर जाड मेकअप. उघड्या जखमेवर हे सगळं! करायचंच असेल तर लग्नाच्या किमान तीन महिने आधी. भाचीला मी हेच सांगितलं. तिच्या हातात तेवढा वेळ नाही, म्हणून ती आता पेन्सिलनंच भुवया रेखणार आहे, आणि फोटोत त्या छान दिसतील.

लॅश एक्स्टेन्शननं पापण्या दाट होतात हा दावा पूर्ण उलटा आहे. एक्स्टेन्शन प्रत्येक केसाला सायनोॲक्रिलेटनं चिकटवतात. घरी मोडकी वस्तू चिकटवायला आपण जो गोंद आणतो त्याच कुळातला हा. पापणीचा केस नाजूक. त्यावर सतत वजन लटकलं की मुळावर ताण येतो, केस अवेळी गळतात, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर काही ठिकाणी पुन्हा उगवतच नाहीत. गोंदातून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटतं, त्यानं डोळे लाल होतात, चुरचुरतात. त्यात पार्लरमध्ये सांगतात, ‘पाणी लावू नका, नाहीतर निघतील.’ मग पोरी पापण्या धुतच नाहीत, कडांना मळ साचतो, सूज येते. एक्स्टेन्शन असताना पापण्या रोज हलक्या हातानं धुवायला हव्यात, नेमकं याच्या उलट.

लांब पापण्या डोळ्याचं धुळीपासून जास्त रक्षण करतात, असंही त्या मेसेजमध्ये घुसवलंय. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २२ प्रकारच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. त्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरली. त्याहून लांब पापण्या वारा डोळ्याकडं वळवतात आणि डोळा जास्त कोरडा पडतो, असं त्यांना प्रयोगात दिसलं. दुचाकीवरून उचगाव फाट्यापर्यंत जाऊन आलेल्या कुठल्याही पोरीला कोरडा डोळा म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही.

लॅश लिफ्टला, म्हणजे रसायनानं पापण्या वर वळवून घेण्याला, गोंद नसतो, पण त्यात थायोग्लायकोलेट असतं, केस कुरळे करायला वापरतात तेच. डोळ्यात गेलं तर भाजतं. तेवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

त्या मेसेजमध्ये स्वच्छतेबद्दल एक ओळ नाही, आणि पार्लरमध्ये पाहायचं ते हेच. ब्लेड तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघालं पाहिजे आणि काम झाल्यावर तुमच्यासमोरच टाकलं गेलं पाहिजे. डेटॉलनं पुसलेलं चालत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहतो. निळा दिवा लावलेला छोटा डबा दाखवून ‘हे स्टरलायझर’ म्हणाल्या तर मान डोलावू नका, त्यात अवजार निर्जंतुक होत नाही. रंगाची बाटली मागा, कंपनी, बॅच नंबर आणि मुदत वाचा, फोटो काढून ठेवा. पुढं त्रास झाला तर त्वचारोगतज्ज्ञ पहिला प्रश्न हाच विचारतील. बाटली दाखवायला कुणी कुरकुर केली तर उठून या. ताराबाई पार्कात असो वा महाद्वार रोडला, चांगलं काम करणारी बाई स्वतःहून दाखवते, आणि अशा बायका कोल्हापुरात आहेत. केमोनंतर किंवा चाई पडून भुवया गेलेल्यांना त्यांच्या हातानं खरंच आधार मिळतो. त्यांच्या कामावर माझा राग नाही.

एवढं सांगूनही कुणाचे डोळे गोंदानं लाल झाले, तर ‘मागच्या वेळचे ते ड्रॉप द्या’ म्हणत दुकानात येऊ नका. त्या ड्रॉपमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण आत जंतुसंसर्ग असेल तर तो फोफावतो, आणि बरेच दिवस घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तिच्याशिवाय मी ते देणार नाही, वन्सं आल्या तरी.