राजाची लाडकी व्हायचंय? मग हे वाचाच

सगळ्यात आधी नाव बदला. एलायझा गिल्बर्ट असल्या नावाला कुठला राजा भाव देणार? १८२१ साली आयर्लंडात जन्म, बाप इंग्रजी फौजेत, तो दानापूरला कॉलऱ्याने गेला, मग लेफ्टनंटसोबत पळून जाऊन लग्न आणि तेही मोडलं, हे सगळं गुंडाळून ठेवा आणि सरळ लोला मोंटेझ व्हा, स्पॅनिश नर्तकी. स्पॅनिश धड येत नाही? टेन्शन नको. बव्हेरियाचा (म्हणजे आताच्या जर्मनीतलं तेव्हाचं राज्य, राजधानी म्युनिक) राजा पहिला लुडविग, त्याचंही स्पॅनिश यथातथाच होतं, तरी दोघांनी एकमेकांना ढीगभर पत्रं स्पॅनिशमध्येच खरडली. फक्त प्रेक्षकांत ओळखीचं कोणी नाही ना बघून घ्या, १८४३ ला लंडनमध्ये पहिल्याच शोला बाईंचं बिंग फुटलं होतं.

राजा निवडताना साठीचा, कविता करणारा आणि सुंदर बायकांची पोर्ट्रेट्स जमवणारा बघा. (त्याची ती गॅलरी म्युनिकच्या निम्फेनबर्ग राजवाड्यात आजही आहे, लोलाबाईंसकट.) बाई १८४६ च्या ऑक्टोबरात म्युनिकला पोचल्या आणि बघता बघता बारेरस्ट्रासेवर घर, वर्षासन, झालंच तर महाराजांनी बाईंच्या पावलाची संगमरवरी मूर्ती करवून घेतली आणि तिचे मुके घेत बसले! राणी तेरेझेचं काय म्हणाल तर जिच्या लग्नाच्या जल्लोषातून ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे म्युनिकचा तो बिअरचा उत्सव, सुरू झाला ती हीच, पण नवराच तिचा विचार करत नाही तर तुम्ही कशाला करताय.

आता पदवी मागा. काउंटेस व्हायला आधी बव्हेरियाचं नागरिकत्व हवं, मंत्री नाही म्हणाले, तर १८४७ मध्ये राजाने मंत्रिमंडळच घरी पाठवलं. इथे नीट लक्ष द्या हं, हुकूम राजाचा, सही राजाची, मंत्री काढले राजाने, आणि गावभर बोंब कोणाची? त्या बयेची! म्हणजे तुमची पोस्ट काय ते समजलं ना? राजाला थेट शिव्या घालायची सोय नसते म्हणून मध्ये तुम्हाला उभं करतात. तुम्ही पण मोठा कुत्रा आणि चाबूक घेऊन रस्त्याने फिरा म्हणजे लोकांचं काम अजून सोपं होईल, बाईंनी तेवढी मदत केलीच होती.

मग १८४८ च्या फेब्रुवारीत बाईंच्या लाडक्या विद्यार्थ्यांच्या टोळक्यावरून बाकीच्या विद्यार्थ्यांशी मारामाऱ्या, राजाने युनिव्हर्सिटीच बंद केली, आख्खं शहर रस्त्यावर आलं आणि ११ तारखेला बाई म्युनिकमधून पळाल्या. २० मार्चला राजाने गादी पोराला देऊन टाकली. म्हणजे दोघं बुडाले ना? छे हो, महाराज पुढे २० वर्षं मजेत जगले, १८६२ मध्ये हयातीतच म्युनिकच्या भर चौकात घोड्यावर बसलेला पुतळा उभा राहिला. बाई मात्र अमेरिका, ऑस्ट्रेलिया करत पोटासाठी नाचल्या, मग लेक्चरं दिली, १८६१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला वारल्या तेव्हा वय ३९, आणि थडग्यावर कोरलंय ४२. तेव्हा निदान जन्मतारीख तरी कुणाला तरी खरी सांगून ठेवा.