राजाला भाषा नसते

कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की बेळगावातल्या लॉज भरतात आणि व्हॉट्सअॅपवर जुन्या नाटका-सिनेमांच्या क्लिप फिरायला लागतात. खाली एकच वाक्य ठरलेलं: ‘इतकी वर्षं झाली, आजही तंतोतंत लागू!’ मला आताशा या वाक्याचा राग येतो. लेखकाचं कौतुक म्हणून ते म्हटलं जातं, पण त्यात आजच्या माणसाला अलगद सोडून दिलेलं असतं. सगळेच असले, पहिल्यापासून असलेच, असं म्हटलं की विषय मिटला. चहा सांगा.

तरीही राजकारण्यांची टोपी उडवणारं जुनं नाटक पुन्हा पुन्हा व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि आम्हा सीमाभागातल्या लोकांना तर त्याची जास्तच गरज आहे. का, ते जरा लांबण लावून सांगतो.

आधी ‘कीचकवध’. हे काही हसवणारं नाटक नव्हे, पण सत्तेवर आडून नेम धरायची रीत त्यात स्वच्छ दिसते. खाडिलकरांनी ते 1907 मध्ये रंगभूमीवर आणलं. विराटनगरी, सैरंध्री, बल्लव, सगळं महाभारतातलं. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं नाव कुठेही नाही. पण कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातला देश, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि दात-ओठ खाणारा भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही ते कळलं आणि 1910 मध्ये बंदी आली. आज हे नाटक फारसं कुणी करत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्याचा नेम एका माणसावर होता. तो माणूस गेला, नाटकाचं काम झालं.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चं तसं झालं नाही. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात पहिला प्रयोग झाला, 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच ते थांबवलं, मग त्यातल्या मंडळींनी ‘थिएटर अॅकॅडमी’ काढून ते पुन्हा उभं केलं. 1980 च्या युरोप दौऱ्याच्या वेळीही विरोध झालाच. नाना फडणवीसांची बदनामी, हा आक्षेप. 1791 मध्ये पुण्यात लोकांनी दगडांनी ठेचून मारलेला घाशीराम खरा होता, पण तेंडुलकर म्हणत होते की हे ऐतिहासिक नाटक नव्हे, आणि ते खरंच आहे. मुलगी देऊन कोतवाली घ्यायची आणि कोतवाली देणाऱ्याने लोक खवळले की हात झटकायचे, या व्यवहाराला पेशवाईच लागते असं थोडंच आहे?

मला मात्र त्यात नानापेक्षा ती बामणांची रांग जास्त लागते. डोलते, गाते, भजन म्हणते, आणि वेळ आली की प्रेक्षकांकडे पाठ करून भिंत होते. भिंतीआड काय चाललंय ते आपल्याला कळतं, पण दिसतात फक्त पाठी. मग रांग परत वळते. चेहरे असे, जणू मधे काही झालंच नाही. आमच्याकडे ही रांग दोन्ही भाषांत मिळते. पुढून घोषणा, झेंडे, अस्मिता. मागे प्लॉट आणि गटाराची कंत्राटं. ती वळते तेव्हा घोषणेची भाषा बदललेली असते, एवढाच फरक.

आणि ‘तुघलक’. 1964 चं, गिरीश कार्नाडांचं. मूळ कन्नड नाटक, आणि ते मराठीत आणलं ते तेंडुलकरांनीच. (हे मी कुणाला सांगितलं की दोन्हीकडचे लोक क्षणभर गप्प होतात. तेवढी शांतता आम्हाला वर्षातून एकदाच मिळते.) सुलतान आख्खी राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवतो, तांब्याची नाणी काढतो आणि मग घरोघरी टांकसाळ सुरू होते. बेळगावकराला हे समजायला प्रस्तावना नको. 2006 पासून बेंगळूरचं सरकार पाचशे किलोमीटरवरून आमच्याकडे अधिवेशन घ्यायला येतं. 2012 मध्ये त्यासाठी हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभं राहिलं. दहा-बारा दिवस फायली, गाड्या, साहेब, सगळं इथं. बस्तवाड आणि कोंडसकोपला आंदोलकांचे मांडव. ऊसवाले, शिक्षक, अंगणवाडीच्या बाया उन्हात बसून असतात, एखादा मंत्री येऊन निवेदन घेऊन जातो. इकडे अधिवेशनाला विरोध म्हणून मराठी महामेळावा, त्याला परवानगी नाही, मग धरपकड. मग सगळे परत जातात आणि त्या एवढ्या मोठ्या इमारतीत वारा फिरतो.

त्यावर कळस डिसेंबर 2022 चा. 22 तारखेला इथल्या अधिवेशनात ठराव झाला, एक इंचही जमीन देणार नाही. 27 ला महाराष्ट्राचा ठराव, सीमाभागातल्या 865 गावांची इंच न् इंच जागा घेणार. दोन्ही एकमताने! आणि दुसरा ठराव झाला तो नागपूरला, म्हणजे तोही राजधानी सोडून थंडीत बाहेर आलेल्या सरकारचा. एवढं जुळलेलं कथानक कुणी नाटकात लिहिलं असतं तर परीक्षकांनी ‘बेतलेलं वाटतं’ म्हणून गुण कापले असते. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. गावं होती तिथंच आहेत.

मग आजचंच का नाही लिहीत, असं कुणी विचारेल. लिहून बघा इथं. आमच्या गल्लीतल्या मंडळाने गणपतीत तुंबलेल्या गटारावर जिवंत देखावा बसवायला घेतला होता. पोरांनी लिहिलं छान. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी: पालिकेचा साहेब बोलणार कुठल्या भाषेत? कन्नडमध्ये बोलला तर एक संघटना मांडवात येणार. मराठीत बोलला तर आपलेच म्हणणार, “आपल्याच माणसाची इज्जत काढता काय रे?” मुका ठेवावा तर देखाव्यात मजा काय! रात्री उशिरापर्यंत वाद. शेवटी गावाकडच्या नाटकांत आयुष्यभर सोंगाड्या केलेले एक मामा म्हणाले, “राजा करा की रे त्याला. राजाला कुठली आलीया भाषा!”

झालं. थर्माकोलचा मुकुट आला, गटाराचा खंदक झाला.

“महाराज, खंदक तुंबला.”
“उत्तम! आता शत्रू यायचा नाही.”
“शत्रूचं सोडा महाराज, जावई यायला तयार नाही.”

शेजारचे कन्नड काकाही पोट धरून हसले. वादाचा प्रश्नच आला नाही. सीमाभागात विनोदाला आधी भाषा विचारतात, मग तो ऐकतात. म्हणून पेशवाई, विराटनगरी, दौलताबाद हे कपडे आम्हाला उपयोगी पडतात. ते अंगावर असले की दोघं शेजारी एका बाकावर बसून एकाच गोष्टीला हसू शकतात. 1907 मध्ये ते कपडे सरकारच्या भीतीने घातले होते, आज आम्ही एकमेकांच्या भीतीने घालतो.

यातली खोटही सांगतो. त्या देखाव्याला सगळ्यात जोरात हसला तो पुढच्या खुर्चीवर बसलेला नगरसेवक. राजा म्हणजे विरोधी पार्टीचा माणूस, असं त्याचं पक्कं मत! गटार होतं तसंच राहिलं. कपडे इतके घट्ट बसले की आतला माणूस कुणालाच ओळखू आला नाही. ‘कीचकवध’ बघणाऱ्याला निदान कीचक कोण याची शंका नव्हती. म्हणून क्लिप पाठवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: ‘आजही तंतोतंत’ म्हणालात ना, मग कुणाला, तेही खाली लिहा. गल्लीचं नाव घालून लिहा. आपल्या पार्टीचा असला तरी लिहा.

बाकी माझी एक जुनी इच्छा आहे. अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावात ‘तुघलक’चे लागोपाठ दोन प्रयोग लागावेत, आदल्या रात्री कन्नड, दुसऱ्या रात्री मराठी, आणि तिकीट एकच, दोन्ही रात्रींना चालणारं. नाटक दोन्ही भाषांत तयार आहे, नट आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. कुणाच्या ओळखीत हॉल असेल तर कमेंटमध्ये सांगा. परवानगीचा अर्ज कुठल्या भाषेत करायचा, त्यावर भांडायला मी येतोच.