नव्या यकृतातला जुना विषाणू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचे वडील प्रत्यारोपणानंतर तीनच वर्षांत, २००८ साली गेले. नव्या यकृतातही हिपॅटायटिस सीचा विषाणू परतला होता. म्हणून हिपॅटायटिस सीवरच्या माझ्या लेखातलं ‘हा आजार आता बरा होतो’ हे वाक्य तुम्हाला खोटी आशा वाटलं. मामांचा याच आजारावरच्या औषधांचा कोर्स संपूनही रिपोर्ट पॉझिटिव्हच आहे, हेही तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी विचारलंत, ‘आमचंच काही चुकलं का?’

नाही हो, ताई. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात विषाणू असला की काही तासांतच तो नव्या यकृतात शिरतो. त्यात शरीराने यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबलेली असते, त्यामुळे सिरॉसिसही (यकृत घट्ट, निकामी होत जाणं) एरवीपेक्षा लवकर गाठतो. तेव्हा आम्हा डॉक्टरांच्या हाती होतं इंटरफेरॉन आणि रिबाविरिन. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून, कुडकुडत पडलेले पेशंट मी पाहिलेत. हिमोग्लोबिन घसरायचं, डोस कमी करावा लागायचा, आणि एवढं सोसूनही बहुतेकांचा विषाणू जात नसे. घरच्यांनी कितीही जपलं असतं तरी ही कमतरता औषधाची होती.

डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. आता बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या पुरतात, आणि प्रत्यारोपण झालेल्यांमध्येही शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांचा विषाणू जातो.

मामांचा कोणता रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, ते आधी बघा. अँटिबॉडीची चाचणी विषाणू गेल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येते. विषाणू आहे की नाही, हे सांगते एचसीव्ही आरएनए चाचणी, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस सी विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी.

एका बाबतीत मात्र माझा लेख खरोखर अपुरा होता. औषधं एकमेकांत कशी अडकतात, हे मी लिहायलाच हवं होतं. ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर ही हिपॅटायटिस सीवरची जोडगोळी सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या मोठ्या डोसबरोबर चालत नाही. विषाणू जाऊन यकृत सुधारू लागलं की टॅक्रोलिमस या तशाच दुसऱ्या औषधाची रक्तातली पातळी उतरू शकते, म्हणून ती पुन्हापुन्हा तपासावी लागते. आणि ॲसिडिटीची गोळी! ती कोणी औषधात धरतच नाही, पण तिच्यामुळे वेल्पाटासविर हे हिपॅटायटिस सीचं औषध नीट शोषलं जात नाही. म्हणून मी पेशंटला घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत भरून आणायला सांगतो आणि टेबलावर ओतून एकेक बघतो. हिपॅटायटिस बीची तपासणीही गोळ्या सुरू करण्याआधीच हवी, कारण सी हटताना दबलेला बी उसळू शकतो.

मामांच्या फाइलमध्ये आरएनएचा रिपोर्ट असेल तर त्यावरची तारीख बघा. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवडे उलटून गेल्यावरचा हवा. नसेल, तर त्यांच्या डॉक्टरांना ती चाचणी करायला सांगा.